हंड्यातली कळशी

लाडकुंवरबाईंनी चातुर्मासात भांड्यांची मर्यादा घेतली तेव्हा घरात हसू झालं होतं. "खाण्याची मर्यादा ऐकली, कपड्यांची ऐकली. हे भांड्यांचं कुठून काढलंस?" असं चंपालालजी म्हणाले होते. पण जैन स्थानकात साध्वीजींनी सांगितलेलं बाईंच्या मनात बसलं होतं. जे वापरात नाही आणि तरी 'माझं' म्हणून माळ्यावर पडून आहे, त्याचं ओझं जिवावर असतंच. त्यांनी हात जोडून पच्चक्खाण घेतलं, त्यागाचा नियम केला. रोजच्या वापराची तेवढी भांडी ठेवीन, बाकीची देऊन टाकीन, आणि एकदा दिलेल्या वस्तूकडे वळून बघणार नाही. ती कुठे गेली, तिचं काय झालं, हे मनातसुद्धा आणणार नाही.

आणि त्याच दिवसांत घंटागाडी गल्लीत येऊन नवंच काहीतरी ओरडू लागली. एरवी तिचं आपलं ओला कचरा, सुका कचरा. आता ती म्हणायची, शहराच्या शिल्पासाठी प्रत्येक घरानं एक जुनं भांडं द्यावं. जळगावात त्या वर्षी पालिकेनं 'चौकाचौकात कला' असा कार्यक्रम काढला होता. पुलाखालच्या भिंती शाळेच्या मुलांकडून रंगवून झाल्या होत्या, बागेतल्या बाकांवर बायकांनी फुटक्या बांगड्यांची नक्षी बसवली होती. आता हायवेकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या नव्या चौकात घराघरातल्या भांड्यांची एक भली मोठी उतरंड उभी राहायची होती.

बाईंना वाटलं, हे बरं झालं. भंगारवाल्याला वजनावर घालण्यापेक्षा चार लोकांच्या डोळ्यांसमोर राहील. माळ्यावर तांब्याचा मोठा हंडा होता, नळाला रोज पाणी येऊ लागल्यापासून तो कोणी खाली काढला नव्हता. तोंडाला फडकं बांधलेलं होतं. धूळ जाऊ नये म्हणून आपणच कधीतरी बांधलं असेल, असं म्हणून त्यांनी ते सोडलंही नाही. सोडून आत बघणं म्हणजे पुन्हा जीव गुंतवणंच की. गाडीवरच्या पोरांनी हंडा उचलून नेला आणि बाई पाठ फिरवून सामायिकाच्या ध्यानाला बसल्या.

चातुर्मास उठला, थंडी पडली. उतरंड उभी राहत आली आणि ज्यांनी भांडी दिली त्यांनी येऊन आपलं भांडं ओळखावं, असा निरोप गल्लीत आला. बाईंचा जायचा विचार नव्हता, नियमच होता तसा. पण शेजारच्या सुनंदाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "तुम्ही भांडं बघू नका, मला सोबत करा. एवढं तरी चालतं ना तुमच्या महाराजांना?"

चौकात जत्रा भरल्यासारखी गर्दी होती. दोन मजली घराएवढी उतरंड, खाली हंडे-पातेली, वर तपेली, तांबे, गडवे. पितळ, तांबं, जर्मन, स्टील, सगळं एकावर एक. आणि मुद्दाम थोडी कललेली, आत्ता पडेल की मग पडेल अशी. तांबापुऱ्यातून आलेल्या हसीनाबी आपला जर्मनचा देग नातीला बोटानं दाखवत होत्या.

"का हो भाऊ," सुनंदाबाईंनी शिल्पकार अनुजला विचारलं, "ही सासूनं रचली का सुनेनं? नाही, कलली आहे म्हणून विचारते."

"पडणार नाही काकू. आत लोखंडाचा सांगाडा आहे."

"आमच्या घरात तेच आहे. म्हणून उभं आहे अजून."

अनुज हसला. तो जळगावचाच, बाहेर शिकून आलेला. त्यानं सांगितलं, की भांड्यांवर कोरलेली नावं त्यानं मुद्दाम बाहेरच्या बाजूला ठेवली आहेत. "हीच तर खरी गंमत आहे. शंभर वर्षांच्या आहेरांची नावं आहेत यात. उद्‌घाटनाला ज्याला वाटेल त्यानं माईकवर येऊन आपल्या भांड्याची गोष्ट सांगायची."

तेवढ्यात सांगाड्यावरून सुपडू मिस्त्री उतरला. तो धुळ्याकडचा, तोंडानं मोकळा. हंडा उचलायला तोही गाडीबरोबर आला होता, म्हणून लाडकुंवरबाईंना ओळखत होता. "अक्का! तुम्हना हंडा तर बाळंत व्हयना ना!"

"काय?" बाई दचकल्या.

"पोटमा कळशी व्हती! तीबी कशी, बाळगुतामा गुंडाळेल. चिंध्या अशा कोंबेल व्हत्यात का जरासा आवाज येवाले नको." त्यानं वर बोट दाखवलं. "ती देखा. आईना डोकावर पोर बसाडी दिधं मी."

बाईंच्या हंड्यावर, त्यांच्या डोळ्यांच्या थोडीच वर, पितळेची लहान कळशी बोल्टांनी बसवली होती. घासून लख्ख केलेली. पोटावर टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं उन्हात अशी चमकत होती, की चष्म्याशिवायही वाचता यावीत. *धापूबाई हिराचंद, धुळे.*

बाईंनी ते नाव दोनदा वाचलं.

"कोणाचं नाव आहे हो?" सुनंदाबाई मान वर करून विचारत होत्या. त्यांना लांबचं कमी दिसायचं.

"अक्षर पुसट आहे," लाडकुंवरबाई म्हणाल्या. शब्द तोंडातून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण खोटं बोललो.

"चिंध्या कुठे आहेत?" त्यांनी सुपडूला हळूच विचारलं.

"हातपुसाले ठेवेल शेतस ना." त्यानं खांद्यावरचा तुकडा पुढे केला. निळसर पॉपलिन, काठाला दुकानाच्या ताग्याची शिलाई. चंपालालजींचं कापडाचं दुकान होतं, आणि त्या ताग्याचं उरलेलं कापड बाई वर्षभर उशांच्या खोळींना वापरत होत्या.

धापूबाई म्हणजे प्रियलची आजी. आणि प्रियल म्हणजे बाईंची सून, दोन वर्षांपूर्वीपर्यंतची.

पुनीतचं आणि तिचं जमलं नाही. का जमलं नाही, याची घरात बोलायची कारणं वेगळी होती आणि खरं कारण वेगळं. पुनीतनं एकदा तिच्यावर हात उचलला होता. एकदाच, असं घरात सगळे म्हणायचे. प्रियल माहेरी गेली ती परत आली नाही. शेवटी दोन्हीकडचं मान्य झालं, आणि तिचं सामान न्यायला तिचे वडील रतिलालजी टेम्पो घेऊन आले. साक्षीला समाजातले चार जण बसले होते. भांडी बाहेर आली, मोजून झाली, आणि प्रियल म्हणाली, "माझ्या दादीची कळशी राहिली."

शोधाशोध झाली. चंपालालजी स्वतः स्टुलावर चढून माळ्यावर डोकावून आले आणि हात झटकत म्हणाले, "नाही." प्रियल म्हणत राहिली, आहे, मी स्वतः घासून ठेवली होती. रतिलालजींचा आवाज चढला. तेव्हा चंपालालजी बायकोकडे वळले. "तू सांग. तुझं बोलणं सगळे मानतात."

लाडकुंवरबाई पदर सावरून पुढे आल्या. त्यांनी माळा पाहिला नव्हता. पण नवरा पाहून आला होता, आणि नवरा खोटं सांगेल हे त्यांच्या मनाच्या वाटेवरही नव्हतं. त्यांनी हात जोडले. "नवकार मंत्राच्या साक्षीनं सांगते, या घरात त्या मुलीची एक चिमटीएवढी वस्तू राहिलेली नाही."

चौघांनी माना हलवल्या. रतिलालजींनीच मुलीला सांगितलं, "माफी माग." आणि प्रियलनं बाईंसमोर हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हटलं. बाईंनी मोठ्या मनानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

चौकातून घरी येईपर्यंत तो हात बाईंना जड झाला होता.

चंपालालजी जेवायला बसले होते. बाईंनी ताटात पोळी वाढली आणि शेजारीच खाली बसल्या.

"ऐकलंत का. माळ्यावरच्या हंड्यात कळशी कोणी ठेवली होती?"

"कुठली कळशी?"

"धापूबाईंची. आपल्या पॉपलिनमध्ये गुंडाळलेली."

ते पोळीचा तुकडा मोडत राहिले. "हंडा दिलास ना तू? मग गेला."

"तुम्ही ठेवली होती."

"बरं, ठेवली. पुढे?"

"मी नवकाराच्या साक्षीनं बोलले. तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात."

"तू कुठे खोटं बोललीस? तुला ठाऊकच नव्हतं. न जाणता झालेल्याचा दोष नाही, हे तुमच्या साध्वीजीच सांगतात ना?" त्यांनी पाण्याचा पेला उचलला. "दोष माझा. घेतला मी. झालं समाधान?"

"पण का? आपल्या घरात काय कमी होतं?"

आता कुठे चंपालालजींनी ताट सरकवलं. "टेम्पो यायच्या आधी, बोलणी चालू असताना, त्या माणसानं चार लोकांत माझ्या पोराला मारकुटा म्हटलं. माझ्या दारात उभं राहून. मला राग आला. वाटलं, एक वस्तू तरी याच्या हाताला लागू द्यायची नाही. नंतर विसरूनही गेलो."

"त्यांनी खोटं म्हटलं होतं का?"

चंपालालजींनी हात धुतले, तोंड पुसलं आणि धंद्यातल्या माणसाच्या आवाजात म्हणाले, "हे बघ. पिंपळनेरवाले पुढच्या आठवड्यात येतायत. पुनीतचं बरं जमत आलंय. त्या पोराला जाऊन सांग, कळशी चुकून आली. काढून घरी आण. मग बघू काय करायचं ते. तिथे ती राहिली आणि कोणी वाचली तर गावभर होईल."

बाई दिवसभराचे दोष आठवून रात्रीचं प्रतिक्रमण करायला बसल्या खऱ्या, पण तिसऱ्या व्रतापाशी अडकल्या. न दिलेलं घेणार नाही. ही ओळ त्यांनी लग्नाआधीपासून म्हटली होती. आता त्या ती सोडून पुढच्या व्रतावर गेल्या आणि पुन्हा मागे आल्या.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच चौकात गेल्या. अनुज चहा पीत उभा होता.

"भाऊ, ती कळशी चुकून आली. काढता येईल का?"

"येईल की. चार तर बोल्ट आहेत. तुमची आहे ना?"

हो म्हटलं असतं तर काम तिथेच संपलं असतं. बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. एक तर दिलेलं परत घ्यायचं नाही असा नियम, आणि हे तर मुळात द्यायचाच अधिकार नव्हता. "माझी नाही," त्या म्हणाल्या.

"मग तुम्हाला कशी देऊ काकू?" तो अवघडला. "ज्यांची आहे त्यांना सांगा. त्यांनी म्हटलं तर उद्‌घाटनाच्या आधी काढून हातात देतो. तोवर हात लावत नाही."

बाई घरी आल्या, उकळून गार केलेलं पाणी बाटलीत भरलं आणि नवऱ्याला सांगितलं, "धुळ्याला जाऊन येते."

"कशाला?"

"ज्यांची आहे त्यांना सांगायला."

चाळीस वर्षांत ही बाई विचारल्याशिवाय गल्लीबाहेर गेली नव्हती.

धुळ्याच्या चौथ्या गल्लीत चष्म्याच्या एका दुकानात प्रियल नोकरीला लागली होती, एवढं बाईंना ऐकून माहीत होतं. बस एरंडोल-पारोळा करत निघाली. दोन्ही बाजूंना कापसाची वेचलेली शेतं होती. बाईंनी वाटेत माळ ओढायचा प्रयत्न केला, पण मणी पुढे सरकत आणि मन मागे जाई.

दुकानात काउंटरमागे ती काच पुसत होती. डोळे न उचलता म्हणाली, "बसा, काय दाखवू?" आणि मग तिनं पाहिलं.

पूर्वी ती 'मम्मीजी' म्हणायची. आता थोडी थांबली, आणि म्हणाली, "बसा काकीजी."

"कळशी सापडली," बाई उभ्यानंच म्हणाल्या. बसले तर बोलवणार नाही, असं त्यांना वाटलं.

"कुठे?"

बाईंनी सगळं सांगितलं. हंडा, घंटागाडी, उतरंड, चिंध्या. कोणी ठेवली तेवढं मात्र जिभेवर येईना. "आमच्याच घरात ठेवलेली होती," एवढं म्हणाल्या.

"म्हणजे पप्पाजींनी."

बाईंनी मान खाली घातली. "मी तुला हात जोडते बेटा. मिच्छा..."

"तो शब्द नको." प्रियलचा आवाज वाढला नव्हता, पण पुसण्याचा हात थांबला होता. "तो मी तुम्हाला म्हटलाय. त्या दिवशी. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, 'जाऊ दे बेटा, होतं असं कधीकधी.' आठवतं?"

"आठवतं."

"दादीची कळशी गेली याचं वाईट वाटलं होतं. पण ते गेलं असतं मनातून. तो डोक्यावरचा हात जात नाही."

कोपऱ्यात खुर्चीवर बसलेले एक म्हातारे फेटेवाले नाना मोठ्यानं म्हणाले, "पोरी, हाई काच बराबर नही शे वं. माले बठ्ठं दोन-दोन दिसस. तुन्ही सासूबी दोन दिसी ऱ्हायनी."

"एकच आहे नाना. आणि आता सासू नाहीत. बसा, आले." ती हसली नाही, पण त्या बोलण्यानं दोघींनाही श्वास घ्यायला जागा झाली.

"मी काय करू, सांग," बाई म्हणाल्या. "शिल्पवाला म्हणतो, तू सांगितलंस तर कळशी काढून देतो."

प्रियलनं विचार केला. "नको. राहू दे तिथेच. दादीला माणसांत बसायला आवडायचं, घरात बसून कंटाळायची. चौकात बरी." मग ती काउंटरवर वाकली. "त्या चार जणांना सांगा. फोनवर नाही, त्यांच्या घरी जाऊन. मी खोटं बोलले नव्हते, एवढंच. माझे पप्पा अजून कुठल्या लग्नात त्यांच्यापैकी कोणी दिसलं, की उठून मागच्या रांगेत जाऊन बसतात. मी बघते. ते मला काही बोलत नाहीत. पण त्या दिवशी त्यांनीच मला माफी मागायला लावली, आणि आपण खोटं बोलणाऱ्याची बाजू घेऊन गेलो होतो असं त्यांना वाटतं. माझी."

बाई येताना बसमध्ये पाणीही प्यायल्या नाहीत. तहान लागली होती, बाटली मांडीवर होती.

चौघांपैकी पहिले एक वकील होते. त्यांनी बाईंना बसवलं, ऐकून घेतलं आणि मोठ्यानं हसले. "काकी, ती फाइल केव्हाच बंद झाली. आता एका कळशीसाठी कोण उघडतंय?" बाई म्हणाल्या, "फाइल नको उघडू. फक्त ती मुलगी खरं बोलली होती, हे मनात घे." वकील हसायचे थांबले आणि बायकोला म्हणाले, काकींना काहीतरी दे. बाईंना त्या घरचं चालत नव्हतं.

दुसरे जैन संघातले जुने व्यापारी. ते ऐकता ऐकता खाली बघत गेले आणि शेवटी एवढंच म्हणाले, "रतिलालजींना मी फोन करीन." ते करतील, असं बाईंना वाटलं.

तिसरे पुनीतचे मामा, म्हणजे बाईंचा सख्खा भाऊ. तो चिडला. "जिजी, तुला वेड लागलंय का? पोराचं लग्न तोंडावर आलं असताना स्वतःच्या नवऱ्याला चोर म्हणत गावभर फिरतेस?"

"मी चोर म्हटलं नाही. मी कळशी म्हटलं."

"लोकांना दोन्ही एकच ऐकू येतं."

त्याचं खरं ठरलं. दोन दिवसांत पिंपळनेरहून फोन आला, की सध्या घाई नको, पुढे बघू. पुढे बघू म्हणजे काय, हे घरात कोणालाही समजावून सांगावं लागलं नाही. पुनीत संध्याकाळी दुकानातून आला तो चपलांसकट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला. आजवर तसा तो कधी आला नव्हता.

"आई, तू कोणाची आहेस?"

बाईंच्या हातात उकळत्या पाण्याचं पातेलं होतं. त्यांनी ते खाली ठेवलं. "तुझीच आहे."

"वाटत नाही."

"पुनीत, तू तिच्यावर हात उचललास तेव्हा मी या ओट्यापाशीच उभी होते. तेव्हाही मी तुझीच होते. गप्प राहिले." त्या पुढे काही बोलल्या असत्या, पण तो वळून गेला होता. चंपालालजी त्या दिवसापासून ताटावर बसत, जेवत आणि उठत. कमी-जास्त काय हवं तेही सांगत नसत. बाई अंदाजानं वाढत.

चौथ्या माणसाचं राहिलं होतं, झुंबरलालजींचं. पण ते मागच्या उन्हाळ्यातच गेले होते. बाईंना हे आधीपासून ठाऊक होतं, म्हणूनच त्यांनी ते घर शेवटी ठेवलं होतं. गेलेल्या माणसाला काय सांगायचं? पण प्रियलनं चौघांना सांगा म्हटलं होतं. झुंबरलालजींच्या पत्नी सोहनबाई जामनेरला मुलाकडे राहत. बाई उद्‌घाटनाच्या दिवशीच सकाळी नवकारसी पाळून, सूर्योदयानंतरचं थोडं खाऊन, जामनेरच्या बसमध्ये बसल्या. शहरात सगळीकडे पताका लागल्या होत्या.

सोहनबाई वयानं मोठ्या, गुडघ्यांनी अधू झालेल्या. मुलाच्या धान्याच्या दुकानामागच्या खोलीत पलंगावर बसून जप करत होत्या. लाडकुंवरबाईंना पाहून त्यांना आनंद झाला. "ये बाई. तुझ्यासारखीचं दर्शन झालं, दिवस चांगला जाईल."

बाईंनी पलंगाच्या कडेला बसून सांगायला सुरुवात केली. आता त्यांना ते पाठ झालं होतं. शेवटी म्हणाल्या, "भाईसाहेब तर गेले. ते मनात तसंच समजून गेले, की ती मुलगी खोटी. त्याचं माझ्याच्यानं काही होणार नाही. पण तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना."

सोहनबाईंनी बोटांतली माळ थांबवली. मग म्हणाल्या, "ते तसं समजून गेले नाहीत गं."

"म्हणजे?"

"त्या दिवशी घरी आले आणि पगडी काढता काढता मला म्हणाले, मुलगी खरी बोलत होती. माळ्यावर बघून आलेल्या माणसाच्या कपाळावर घाम होता, म्हणाले, थंडीचे दिवस असून."

"मग बोलले का नाहीत?"

"मीही तेच विचारलं." सोहनबाईंनी माळ बाजूला ठेवली. "म्हणाले, लाडकुंवरबाईंनी नवकार मध्ये आणला. त्या बाईच्या नवकारापुढे कोण बोलणार? मी एकटाच नाही, म्हणाले. आम्ही सगळेच एकमेकांची तोंडं बघत होतो." त्यांनी बाईंच्या हातावर हात ठेवला. "तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझी पुण्याई तेवढी मोठी."

बाईंनी तो हात हळूच बाजूला केला. इतके दिवस त्या एकच धरून होत्या, की मला ठाऊक नव्हतं. नवऱ्यानं फसवलं, मी फसले. पण फसणाऱ्या माणसानं निदान माळ्याकडे मान वर करून बघितलं असतं. त्यांनी बघितलं नव्हतं. स्टूल दोन हातांवर होतं. बघायच्या आधीच त्यांनी हात जोडले होते, कारण जोडलेल्या हातांना सगळे मानतात हे त्यांना आतून माहीत होतं. आणि त्याच हातांनी मुलीचं तोंड बंद झालं होतं. चंपालालजींनी फक्त कळशी लपवली होती.

परतीची बस चौकाच्या अलीकडेच थांबवली. उद्‌घाटनामुळे रस्ता वळवला होता. बाई उतरल्या तर समोर सगळं शहर लोटलेलं. बँड वाजत होता, उतरंडीवर फुलांच्या माळा सोडल्या होत्या, आणि माईकवर कोणीतरी आपल्या परातीची गोष्ट सांगत होतं. अनुजनं बाईंना लांबूनच पाहून हात केला. सुनंदाबाई पुढच्या खुर्च्यांत बसल्या होत्या. ऊन उतरत होतं. सूर्यास्तानंतर त्या पाणी घेत नसत आणि सकाळनंतर पोटात काही नव्हतं, पण त्यांनी पिशवीतून बाटलीऐवजी फोन काढला.

"काय झालं?" प्रियलनं विचारलं. मागे टीव्हीचा आवाज होता. ती घरी होती. "तुमच्याकडे कसला गोंगाट आहे?"

"उद्‌घाटन आहे. मी रस्त्यावर उभी आहे." बाईंनी पदर कानावर ओढला. "चौघांकडे जाऊन आले. झुंबरलालजी गेले, त्यांच्या घरी सांगितलं."

"मग ते तसंच समजून गेले."

"नाही. ते त्याच दिवशी घरी येऊन म्हणाले होते, की मुलगी खरी आहे."

पलीकडे टीव्ही बंद झाला. मग प्रियल म्हणाली, "त्याच दिवशी?"

"हो."

"त्यांना ठाऊक होतं. आणि दोन वर्षांत एक फोन नाही केला?" तिचा आवाज फाटला. "का?"

याचं उत्तर बाई जामनेरहून घेऊन आल्या होत्या. वाटेत त्यांना वाटलं होतं, हे सांगायचं राहिलं तरी चालेल. कोणी विचारणार नाही.

"माझ्यामुळे," त्या म्हणाल्या. "मी नवकाराच्या साक्षीनं बोलले, म्हणून. कोणालाच माझं म्हणणं खरं वाटलं नव्हतं. पण माझ्यापुढे बोलायची कोणाची हिंमत झाली नाही. आणि मी माळ्यावर बघितलं नव्हतं प्रियल. न बघताच बोलले."

मग काहीतरी सरकल्याचा, चालल्याचा आवाज. "हे मला नका सांगू," प्रियल म्हणाली. "पप्पांना सांगा. देते त्यांना. त्यांना कमी ऐकू येतं आता."

"थांब, मी उद्या घरी येऊन..."

पण फोन हातातून हातात गेला होता. "हॅलो?" रतिलालजींचा जाडा, थकलेला आवाज. "कोण बोलतंय?"

"मी लाडकुंवर. जळगावहून."

"कोण? मोठ्यानं बोला. बँड वाजतोय का काय तुमच्याकडे?"

बाईंनी इकडे तिकडे पाहिलं. मागे रस्ता बंद होता, पुढे माणसं. कुठे आडोशाला जायला जागा नव्हती. माईकवरची गोष्ट संपून टाळ्या पडत होत्या.

"मी लाडकुंवर चंपालाल," त्या जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडल्या. "तुमची मुलगी खरं बोलत होती! कळशी आमच्याच घरात होती! खोटं माझं होतं!"

टाळ्या थांबल्या होत्या. जवळच्या खुर्च्यांवरची माणसं मागे वळून बघू लागली. सुनंदाबाईंनी मान वळवली, आणि मग हळूहळू उतरंडीकडे, वरच्या पितळी कळशीकडे पाहिलं.

"काय म्हणालात?" रतिलालजी विचारत होते. "पुन्हा सांगा. नीट सांगा."

बाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला आणि पहिल्यापासून सांगायला लागल्या.